काढलेली वायर

“काकाजी, कायले टेन्शन घेऊन राहिले? वायर काढून टाकतो. दिवाच नाही लागला तं कटकट कायची?” मनिष मिस्त्री सहज बोलून गेला. तो बॉनेटखाली कमरेपर्यंत वाकलेला होता, त्यामुळे टेकचंदचं तोंड त्याला दिसलं नाही, हे एक बरं झालं. तुमसरच्या भर बाजारात, सकाळच्या दहा वाजता, शेजारच्या टपरीवर चार माणसं चहा पीत उभी असताना चोपन्न वर्षांचा माणूस गाडीच्या एका दिव्यावरून पांढराफटक पडतो, हे कोणाला सांगून पटलं असतं? टेकचंदने गॅरेजच्या भिंतीला हात टेकला. “नाही,” तो म्हणाला, आणि आवाज नको तेवढा मोठा निघाला. “वायर नाही काढाची. हात नोको लावू तिले.” मनिष हात पुसत बाहेर आला आणि हसला. “अजी काकाजी, वायर हाये ते, साप नोहे.” टपरीवरचेही हसले. टेकचंदही हसला, म्हणजे ओठ तरी त्याने तसे केले.

गाडी म्हणाल तर एवढा जीव टाकण्यासारखी नव्हती. सतरा वर्षांची, एका निवृत्त मास्तरकडून घेतलेली. मूळचा पांढरा रंग आता चहा जास्त पडलेल्या दुधासारखा झालेला. मंदाबाई, म्हणजे टेकचंदची बायको, तिला ‘माझी सवत’ म्हणायची. दिवाळीनंतर सवतीला ऑईल गळायचं दुखणं लागलं. मनिषने आधी इंजिनावरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, मग खालच्या चेंबरचं बदललं. गळणं जैसे थे. शेवटी टेकचंदने आपली मिलची अक्कल लावली. राईस मिलमध्ये कुठलं बेअरिंग तेल सोडतं ते शोधायचं असलं की खाली धानाचा कोंडा पसरतात. कोंडा थेंब धरून ठेवतो, डाग पडला की वरची जागा सापडते. पंचवीस वर्षं मिलमध्ये काढलेला माणूस, त्यातली दहा सुपरवायझर म्हणून. त्याला दुसरं काय सुचणार? रोज संध्याकाळी गाडीखाली सूपभर कोंडा, आणि रोज सकाळी आंघोळीआधी लुंगी खोचून, उकिडवं बसून डागाचं दर्शन. मंदाबाई म्हणायची, “देवापुढं एवढं वाकले असते तं आजपर्यंत पावला असता तो.” पण आठवड्याभरात त्याने जागा हुडकली. ऑईल कुठल्या झाकणातून येत नव्हतं, ते सेन्सरमधून येत होतं.

अंगठ्याएवढी वस्तू ती. इंजिनातल्या ऑईलचा दाब उतरला की गाडी चालवणाऱ्यासमोरचा लाल दिवा लावायचा, एवढंच तिचं आयुष्यभराचं काम. तिच्या आतला पडदा फाटला होता. ऑईल त्यातून वर चढून वायरच्या खोबणीतून बाहेर पाझरत होतं आणि दिवा त्याच्या मनाला येईल तेव्हा लुकलुकत होता. ऑईल बरोबर, दाब बरोबर, मनिषने मीटर लावून पाहिला होता. “सेन्सरच खोटं बोलून राहिला, काकाजी. नवा नागपूरवरून येईन, चार दिवस लागन. तोवर भोकाले बोल्ट ठोकतो, वायर बाजूले बांधतो. गळनं बी बंद, दिवा बी बंद. आपल्या इकडं अर्ध्या गाड्या अशाच चालतात.” अर्ध्या गाड्या अशाच चालतात हे खरं होतं. गाड्याच कशाला, मिला चालतात, पंप चालतात, घरंदारं चालतात. जे बोंबलतं त्याचं आधी तोंड बांधायचं, काम नंतर करायचं. ही रीतच आहे इकडची, आणि टेकचंद त्या रीतीत वाढलेला, मुरलेला, तिच्यावरच नाव कमावलेला माणूस होता. “टेकचंदभाऊच्या हाताले जादू हाये,” असं मिलमध्ये म्हणायचे. बंद पडलेलं काहीही तो पाच मिनिटांत चालू करून द्यायचा. कसं करायचा ते कोणी विचारत नसे.

“नागपूरवरून मागव,” तो म्हणाला. “चार दिवस गळू दे.” आणि गळती गाडी घेऊन तो घरी आला. वाटेत दिवा तीनदा लुकलुकला आणि तिन्ही वेळा टेकचंदने गाडी बाजूला घेतली, उतरला, बॉनेट उघडलं, ऑईलची पट्टी काढून पुसून पुन्हा बुडवून पाहिली. पातळी बरोबर होती. खोटा आहे हे माहीत असून तो तिन्ही वेळा उतरला. मागच्या ऑटोवाल्याने हॉर्न मारून मारून रस्ता डोक्यावर घेतला. टेकचंदला त्याचा हॉर्न ऐकूच आला नाही. त्याला दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं, आणि ते दोन वर्षांपूर्वी त्यानेच बंद केलेलं होतं.

उसन्या तांदळाची मिल म्हणजे बॉयलर आलाच. धान वाफवायचं, वाळवायचं, मग भरडायचं. कोंडा जाळून पाणी तापतं, आणि पाणी ठरल्यापेक्षा खाली गेलं की बझर वाजतो. मिलच्या बॉयलरचा बझर त्या हंगामात वेडा झाला होता. पाण्यातल्या सळीवर चुन्याचा थर चढला होता, म्हणून पाणी भरलेलं असतानाही तो बोंबलायचा. दर पाव तासाला, टँ करून, कानाचे पडदे फाडत. फाटकावर ट्रकांची रांग, शेठ फोनवर फोन करून राहिलेला, आणि हा बझर. टेकचंदने काचेच्या नळीत पाणी पाहिलं, एकदा, दोनदा, भरलेलं होतं. मग त्याने घराच्या किल्लीच्या टोकानं पेच ढिला केला, पिवळी वायर ओढून बाहेर काढली, आणि कोणाला शॉक लागू नये म्हणून तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली. इतका तो काळजीचा माणूस. दोन दिवसांसाठी, असं तो मनाशी म्हणाला होता. रविवारी मिल बंद झाली की सळी काढून खरवडू. रविवारी मिल बंद झाली नाही, हंगाम होता. मग सोमवार आला, मग मंगळवार. आणि बझर वाजत नाही म्हटल्यावर त्याची आठवण तरी कोणी काढावी? शांतता किती लवकर अंगवळणी पडते माणसाच्या. नवव्या दिवशी पाणी खरंच खाली गेलं, कोणाला कळलं नाही, आणि बॉयलरच्या आतली तापलेली नळी फुटली.

बॉयलरवर टिकाराम होता. बपेऱ्याचा माणूस, सरळ, तंबाखूशिवाय दुसरं व्यसन नाही. बझर वाजत नाही म्हणजे पाणी आहे, असं तो धरून चालला. दुसरं काय धरणार? टेकचंदने त्याला सांगितलंच नव्हतं. सांगायचं राहून गेलं होतं. हे ‘राहून गेलं’ टेकचंदने मनात इतक्यांदा घोळवलं होतं की आता त्याला त्या शब्दांची किळस आली होती. भट्टीच्या दारातून उकळतं पाणी आणि वाफ बाहेर आली तेव्हा टिकाराम कडेला होता. त्याची डावी बाजू भाजली, कान गेला. दारासमोर कोंड्याचं टोपलं घेऊन रुखमिणी उभी होती. टिकारामची साळी, त्याच्या बायकोची धाकटी बहीण. त्यानेच शब्द टाकून तिला मिलमध्ये लावलं होतं. ती नागपूरच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेली. आणि मग शेठच्या ऑफिसात, पंखा फिरत असताना, सगळ्यांसमोर तो प्रश्न आला होता: वायर कोणी काढली? मग मागून कोणीतरी म्हणालं, “टिकारामच बसत होता तिथं. झोपमोड होत असन.” शेठने टेकचंदकडे पाहिलं. टेकचंद म्हणाला, “हं.”

एवढंच. एक ‘हं’. तो खोटं बोलला नव्हता, हे तो स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत आला होता. त्याने टिकारामचं नाव घेतलं नव्हतं, बोट दाखवलं नव्हतं, कुठं सही केली नव्हती. नुसता घशातून निघालेला एक आवाज. तो होकारच होता असं कोण म्हणतं? पण त्या आवाजावर टिकारामचं काम सुटलं, कागदावर त्याची चूक लागली, आणि साळीला मारणारा माणूस म्हणून तो बपेऱ्याला गेला. टेकचंद रोज मिलमध्ये जात राहिला. फक्त बॉयलरकडून न जाता गोदामाला वळसा घालून जायला लागला, आणि लोकांना सांगायला लागला की तेवढंच चालणं होतं, शुगर आहे.

सेन्सर यायला लागलेले ते चार दिवस टेकचंदला कसे गेले ते त्यालाच ठाऊक. जेवताना घास हातात राहायचा. मिलमध्ये कोणी नुसतं “भाऊ” म्हणून हाक मारली तरी दचकायचा. सकाळी कोंड्यावरचा डाग पाहायचा, आणि तो कालच्यापेक्षा मोठा दिसला की घाईनं हातानं कोंडा सारखा करायचा. जणू तिथं ऑईलचा नाही, आणखी कशाचा तरी हिशेब उघडा पडत होता. मंदाबाईने शेवटी विचारलंच. “अजी, झालं काय तुमाले? एवढ्याशा दिव्यापायी माणूस असा वाळते का? मनिष म्हणते तं काढू द्या ना वायर.” टेकचंद तिच्या अंगावर ओरडला. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, असा ओरडला नव्हता. मंदाबाई हलकेच म्हणाली, “सानगडीवाले रविवारी येऊन राहिले खुशबूले पाह्याले. तोवर जरा थंडे व्हा.” खुशबू त्यांची एकुलती पोर. टेकचंदच्या मनात आलं, सानगडीवाल्यांना कळलं तर? पोलीस आले तर? पोरीचं जमणारं मोडलं तर? आणि लगेच त्याला लाज वाटली की दोन वर्षं त्याने रुखमिणीचा विचार करायचा म्हटलं की शेवटी तो खुशबूपाशीच येऊन थांबतो. रुखमिणीलाही कोणीतरी पाहायला येणार होतं, त्याच उन्हाळ्यात. हे त्याला ती गेल्यावर कळलं होतं, मिलच्या बायकांच्या बोलण्यातून.

पाचव्या दिवशी सेन्सर आला. मनिषने जुना काढला, भोक पुसलं, नवा हलक्या हातानं बसवला. “जास्त आवळला तं फाटते, काकाजी,” तो सांगत होता. वायर जोडली. टेकचंदने किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, गाडी सुरू झाली, दिवा विझला. जसं व्हायला पाहिजे तसं झालं. मनिषने खाली पुठ्ठा टाकला, अर्धा तास गाडी चालू ठेवली, पुठ्ठा बाहेर ओढला. कोरडा. “झालं, काकाजी. आता आरामात झोपा.” टेकचंदने खरंच वाट पाहिली. आता सुटेल छातीवरचं, आता हलकं वाटेल, म्हणून तो सीटवर बसून राहिला. काही सुटलं नाही. उलट आतापर्यंत निदान सेन्सरचं निमित्त तरी होतं. आता गळत नव्हतं, लुकलुकत नव्हतं, आणि तरी त्याची नजर त्या विझलेल्या दिव्यावरून हटत नव्हती. म्हणजे बिघाड गाडीत नव्हताच मुळी. हे काय त्याला आत्ता कळलं? छे. पण कळणं आणि टाळायला जागा न उरणं यात फरक असतो. त्याने गाडी घराकडे वळवली नाही. सिहोऱ्याच्या, म्हणजे टिकारामच्या बपेऱ्याच्या, रस्त्याला लावली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उन्हाळी धानाची रोवणी उरकलेली, बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांमध्ये, पाणी उभं. मोहाच्या झाडांखाली बायका, पोरं फुलं वेचत होती आणि काचेतून तो गोड, डोक्यात चढणारा वास आत येत होता. टेकचंद वाक्यं जुळवत होता. ‘टिकाराम, माझ्याकडून एक चूक झाली.’ नको, हे तर ऑफिसच्या अर्जातल्यासारखं. ‘टिकाराम, त्या दिवशी असं झालं का...’ हेही नको, ‘असं झालं’ म्हणजे आपोआप झालं. प्रत्येक वाक्यात तो स्वतःसाठी लपायला एक कोपरा करून ठेवत होता आणि मग स्वतःच तो पकडत होता. दोनदा त्याने गाडी परत फिरवायला म्हणून वेग कमी केला. एकदा तर थांबलाच, एका पुलावर. मागून ट्रॅक्टर आला म्हणून पुढं निघावं लागलं. नाही तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

टिकारामच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. टिकाराम दोर वळत बसला होता. टेकचंदला पाहून तो इतक्या घाईनं उठला की दोर पायात अडकला. “या साहेब, या! आमच्या घरी तुमी?” त्याने खाट टाकली, पदरासारखा दुपट्टा डाव्या कानावरून ओढून घेतला. केशरबाई, त्याची बायको, फुलं सारखी करत होती. तिने पदर सावरला, पाण्याचा तांब्या आणून खाटेपाशी ठेवला आणि आत गेली. आतून तिचा आवाज आला, “चाहा मांडला वं माय, पावण्याले बसाव लागन.” टेकचंदने आत पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं. टिकाराम ओशाळून हसला. “चुलीसंग बोलते ते. मले नाही बोलत. दोन वर्सं होऊन राहिले. जेवाले बोलवाचं असन तरी चुलीलेच सांगते, भात झाला वं माय म्हून. मी आयकतो अन येतो.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “बराबर हाये तिचं. पाठची बहीन होती.”

“टिकाराम,” टेकचंद म्हणाला, “मी एक सांगाले आलो.”

“पयले माझं आयका जी. तुमी आले तं बरं झालं, मले तुमालेच सांगाचं होतं.” टिकाराम खाली जमिनीवर टेकचंदच्या पायाशी बसला. “पयले मले काहीच आठवे नाही. सारे म्हनत, वायर तूच काढली. मी म्हनो, नाही जी, मी कायले काढीन? पन आता दिसते मले. डोळे मिटले का दिसते. माझाच हात, हातात पक्कड, निळी वायर. मी ओढून राहिलो. मीच काढली साहेब. रुखमिणीले मीच मारलं.”

हा माणूस रडतही नव्हता. सरळ, हळू आवाजात, जमिनीकडे पाहत, न केलेलं सांगत होता, आणि ते त्याला दिसत होतं. दोन वर्षं साऱ्यांनी म्हणून म्हणून त्याच्या डोक्यात तो हात उगवला होता. आणि खोटं कशाला बोला, त्याच क्षणी टेकचंदच्या मनात हेही आलं की आता काहीच करायला नको. चहा प्यायचा आणि उठायचं. हा स्वतःच कबूल झाला आहे. नुसतं एकदा ‘हं’ म्हटलं की झालं. तो ‘हं’ त्याच्या घशापर्यंत आलाही; जुना, ओळखीचा. त्याने तो गिळला, आणि गिळताना त्याला खोकला आला.

“निळी नव्हती,” तो म्हणाला. “पिवळी होती. पक्कड बी नव्हती. मी काढली, माझ्या घरच्या किल्लीनं पेच ढिला करून. नऊ दिवस आधी. तुले सांगतलं नाही. शेठनं विचारलं तईही सांगतलं नाही. तू काही केलं नाही, टिकाराम. मी केलं.”

टिकारामने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, आणि ते पाहून टेकचंदला पळून जावंसं वाटलं. “साहेब,” तो हात जोडून म्हणाला, “देवमाणूस आहा तुमी. माझं मन हलकं कराले सारं आपल्या अंगावर घेऊन राहिले. असं कोन करते आजकाल?”

“अरे, खरं सांगून राहिलो मी!”

“असू द्या जी, असू द्या. माझ्यासाठी खोटं नोका बोलू. पाप लागन तुमाले.” आणि टिकाराम वाकला, टेकचंदच्या पायांवर डोकं टेकवायला. टेकचंदने पाय मागं ओढले, खाटेवर घेतले, लहान पोरासारखे. “पिवळी होती रे,” तो ओरडला, “टोकाले मी काळी टेप गुंडाळली होती, कोनाले शॉक नोको लागाले म्हणून!” आपलाच आवाज त्याला चिरका लागला. दोन वर्षं जे सांगायला तो धजावला नाही ते आज सांगितलं, तर ते घ्यायलाच कोणी तयार नव्हतं.

केशरबाई दारात उभी होती. दोन्ही हातांत कप. ती कधीची उभी होती कोण जाणे. “टेप लावाची सुचली,” ती टेकचंदकडे पाहत म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “सांगाची नाही सुचली?”

राहून गेलं, असं टेकचंदला म्हणता आलं असतं. तसं तो म्हणाला नाही. टिकाराम एकदा त्याच्याकडे, एकदा बायकोकडे पाहत होता. केशरबाईने दोन्ही कप खाली जमिनीवर ठेवले, चहा सांडलेला हात पदराला पुसला आणि सरळ नवऱ्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते.

“त्याईले सांगा,” ती म्हणाली, “जा म्हना आमच्या घरून.”

टिकाराम ताडकन उभा राहिला. भाजलेल्या कानावरचा दुपट्टा खाली घसरला, तो त्याने उचलला नाही. “काय म्हनली?” त्याने विचारलं. “मले म्हनली तू?”

“तुमालेच म्हनलं जी.”

टेकचंद खाटेवरून उठला आणि चपला शोधू लागला. त्याला जा म्हणून कोणी सांगितलंच नाही. टिकाराम बायकोच्या तोंडाकडे पाहत उभा होता.